खांब हालना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सुरतेच्या बहिणीलाही नाही. आणि बहिणीला तर मी सकाळी वरणाला फोडणी कशाची दिली तेसुद्धा फोनवर सांगते. तीन वर्षं झाली. तोंडाशी येतं आणि मी लगेच चहा ठेवायला उठते. आता कागद समोर आहे, वाचायला तुम्ही आहात, चहा झालेला आहे, उठायला निमित्त उरलेलं नाही.

तर बसा. सरळ मुद्द्यावर येणं मला जमणार नाही, आधीच सांगते.

मी शहाद्याची रेखा. वय आता चव्वेचाळीस. आमच्या घराच्या माडीवर एक लांबट हॉल आहे, तिथे मी बायकांचे व्यायामाचे वर्ग घेते — योगासनं, थोडं एरोबिक्स, कंबरदुखीवाल्यांसाठी वेगळं. त्याच हॉलमध्ये मी चार वर्षांपूर्वी एक खांब उभा केला. स्टीलचा, पावणेदोन इंची, जमिनीपासून छतापर्यंत. पोल डान्ससाठी. हो, पोल डान्स. शहाद्यात. हसा हवं तर, मीही हसले होते.

झालं असं की उन्हाळ्यात बहिणीकडे सुरतेला गेले होते. तिच्या शेजारच्या इमारतीत जिग्ना नावाची एक मुलगी हा वर्ग घ्यायची. मला वाटलं, सिनेमात दाखवतात तसलं काहीतरी असणार. बहिणीने ओढत नेलं. पाहते तर काय — पन्नाशीच्या एक काकू, गुडघ्यांवर काळेनिळे डाग, खांबाला दोन्ही पाय आवळून हात सोडून बसलेल्या, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मी माझी पर्स खाली ठेवली ती महिन्याने उचलली. महिनाभर शिकले. पहिले दहा दिवस तर जिग्नाने मला जमिनीवरून पाय उचलूच दिले नाहीत. खांब धरून नुसतं चालायचं. मग एका हाताने धरून बाहेर झुकायचं. मग एक गोल फेरी, पाय जमिनीच्या वीतभर वर. हात भरून यायचे, घास तोंडाशी नेता यायचा नाही.

तिचे नियम पक्के होते. अंगाला क्रीम, तेल, काही नाही. अंगठ्या, बांगड्या काढायच्या. आधी वीस मिनिटं अंग गरम करायचं. खांबाखाली जाड गादी, मध्यभागी, चारी बाजूंनी सारखी. जेवढं उतरता येतं तेवढंच चढायचं. एकटीने कधीच नाही. आणि सगळ्यात आधी, प्रत्येक वेळी, फडक्यावर स्पिरिट घेऊन खांब पुसायचा. ती हिंदीत म्हणायची, खांबावर कातडी चिकटते म्हणून तू वर आहेस, दुसरं काहीही तुला धरून ठेवत नाही.

हे सगळं मला तोंडपाठ होतं, एवढं ध्यानात ठेवा. माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

गावी परत आले आणि खांब बनवायला रफिकचाचांकडे गेले. प्रकाशा रोडला त्यांचं वेल्डिंगचं दुकान. वय साठीच्या पुढे, बोलणं मोजकं. त्यांच्या वडिलांचंही तेच काम. आमच्या घराची जाळी, गच्चीचा जिना, समोरच्या शाळेतली घसरगुंडी — सगळं त्यांच्या हातचं. मी खांब म्हटल्यावर त्यांनी कशासाठी ते विचारलं. मी सांगितलं, व्यायामासाठी, बायका त्यावर चढतील. दुसऱ्या कुणी भुवया उंचावल्या असत्या. चाचांनी फक्त विचारलं, एका टायमाला किती जणी चढतील?

ते सकाळी लवकर आले, बायका यायच्या आत. ओळंबा सोडून खांब उभा केला, वर तुळईत चार बोल्ट, खाली चार. मग स्वतः लटकले. मग मेहुण्याला बोलावून दोघे एकदम लटकले. साठीचा माणूस, पांढरी दाढी, चप्पल काढून माझ्या हॉलमध्ये खांबाला लोंबकळतोय — मला हसू आवरेना. खाली उतरून त्यांनी हात झटकले आणि जाता जाता म्हणाले, "ताई, याले तेल-बिल लावू नका हां. स्टील शे, जंग नही लागत. कोरडा ऱ्हाऊ द्या."

म्हणजे सुरतेच्या जिग्नानेही सांगितलं आणि शहाद्याच्या चाचांनीही.

वर्गाला मी नाव दिलं 'खांब व्यायाम'. डान्स म्हटलं असतं तर पहिल्याच दिवशी अर्ध्या जणींच्या सासवा वर आल्या असत्या. खिडक्यांना जाड पडदे लावले. कारण खांबाला उघडी कातडी लागते, म्हणजे अर्धी चड्डी लागते. मग काय, बायका घरून गाऊन घालून यायच्या, वर ओढणी, आत नवऱ्याची जुनी हाफ पँट, दोरीने आवळलेली. बांगड्यांचं मोठं लचांड झालं. काचेच्या बांगड्या काढायच्या म्हणजे काय, लोक काय म्हणतील? एक म्हणाली, रुमाल बांधते वरून. मी नाही म्हटलं. शेवटी दारात एक पितळी ताट ठेवलं. त्यात सगळ्यांच्या बांगड्या, आणि परत जाताना कुणाच्या कुणाच्या हातात. चार महिन्यांत नऊ जणी झाल्या. खांब धरून गोल फिरताना एरवी तोंडाला पदर लावणाऱ्या बायका किंचाळायच्या, "व माय!" खालच्या मजल्यावरचे आमचे सासरे विचारायचे, वर चाललंय काय? मी सांगायची, कंबरदुखी.

त्या नऊ जणींत वैशाली होती. शेजारच्या ब्राह्मणपुरी गावची सून, घरी केळीची बाग, स्कूटीवर यायची. एकोणतीस वर्षांची, अंगाने भरलेली, आणि सगळ्यांत भित्री. बाकीच्या चढायला लागल्या तरी ही जमिनीवरच. मी तिला घाई केली नाही. दोन महिने ती नुसती झुकायची, फिरायची. आणि मग एके दिवशी तिने दोन्ही गुडघ्यांत खांब पकडला आणि अंग वर ओढलं. एकच पकड. खाली आली तेव्हा रडत होती. म्हणाली, शाळेत असताना झाडावर चढायची, लग्नानंतर आज पहिल्यांदा पाय जमिनीवरून सुटले.

आता तुम्हाला वाटेल, ही कहाणी छान चाललीय, मग गुन्हा कुठे? येते. येतेच आहे.

माझे वडील तालमीचे. आमच्या माहेरच्या गावी व्यायामशाळा होती, तिथे लाकडी मल्लखांब होता, आणि वडील त्याचे सगळं काही — शिकवणारे, झाडणारे, राखणारे. पोरांना शिकवायचे. मला नाही. मुलींनी तिकडे यायचं नाही, एवढंच. मी कुंपणापलीकडे उभी राहून पाहायची. मल्लखांबाला एरंडेल लावतात, तुम्ही पाहिलं असेल. लाकडावर अंग घासू नये, सरकावं म्हणून. खंडेनवमीला तर वडील तो खांब धुवायचे, वरून खालपर्यंत एरंडेल चोळायचे, हळदकुंकवाची बोटं ओढायचे, झेंडूची माळ घालायचे. त्या एका दिवशी मला आत येऊ द्यायचे. वाटी धरायला. एरंडेलाची वाटी माझ्या हातात आणि वडिलांचा हात वरखाली — मला अजून तो वास येतो.

त्या वर्षी माझ्याकडे माझा स्वतःचा खांब होता. आणि खंडेनवमी आली. ज्याच्या त्याच्या घरी ज्याचं त्याचं हत्यार पुजतात. सुताराचा रंधा, शिंप्याचं मशीन, शेतकऱ्याचा ट्रॅक्टर. मी काय पुजू? वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. मी सकाळी एकटीच वर गेले, गादी भिंतीला सारली, खांबाच्या पायाशी रांगोळी काढली, मोठी, सात रंगांची. आणि स्टुलावर चढून वरून खालपर्यंत खांबाला एरंडेल लावलं.

हो. कळत होतं. हात चालत होता तेव्हाही कळत होतं की स्टीलला हे चालत नाही. पण मी स्वतःला म्हटलं, नंतर पुसू. स्पिरिट आहे की. मग हळदकुंकू, माळ, आरती. फोटो काढून बहिणीला पाठवला. फोटोत खांब काय चमकत होता!

दसरा झाला. एकादशीला सकाळी वर्ग. मी माळ काढली, कुंकू पुसलं, स्पिरिटची बाटली उपडी केली. ती निम्म्यातच संपली. माझ्या उंचीपर्यंत खांब पुसून झाला होता, त्याच्या वरचा राहिला होता. औषधाचं दुकान तीन घरं सोडून आहे. तीन घरं! पण जिन्यात बायकांचा आवाज आला, आज सगळ्या नटून आल्या होत्या, सोनं वाटत होत्या, आणि मी कोरडं फडकं वर फिरवलं. बोट लावून पाहिलं. कोरडं वाटलं. एरंडेल चिकट असतं, कोरड्या फडक्याने ते निघत नाही, पसरतं. हे मला आठव्या वर्षापासून माहीत आहे.

आणि गादी? रांगोळी अजून शाबूत होती. सात रंगांची. परवाच काढलेली. मोडवेना. मी गादी थोडी बाजूला टाकली. हात-दीड हात. म्हटलं, आज कुणी फार वर जाणार नाही.

वैशाली गेली. त्या दिवशी ती सणाच्या उत्साहात होती. पहिली पकड घेतली, दुसरी घेतली, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि तिने तिसरी घेतली — तिथे, जिथे फक्त कोरडं फडकं फिरलं होतं. मी बघत होते. तिचे तळवे हळूच खाली आले, मग भर्रकन. ती पाठीवर नाही पडली, नशीब. कुशीवर पडली, हात पुढे, आणि हात गादीबाहेर, रांगोळीत. मनगटाचा आवाज आला. तो आवाज मी सांगत नाही.

सगळ्या धावल्या. कुणी पाणी, कुणी पंखा. आणि कुणीतरी, कोण ते आता आठवत नाही, मला विचारलं, "काय व्हयनं व ताई?"

इथे थांबते जरा.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं म्हणतात ना. मी विचार केला असता तर कदाचित दुसरं काही बोलले असते. पण मी विचारच केला नाही. माझ्या तोंडून दोन शब्द निघाले. "खांब हालना."

आमच्या अहिराणीत सांगितलं. वर्गात मी एरवी शुद्ध मराठी बोलते, शिकवणीची. खोटं मात्र घरच्या बोलीत आलं. खांब हलला. बस. तेवढ्यात सगळं ठरून गेलं. कुणी शंका घेतली नाही. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी लहानपणापासून हसत हसत वापरत आले. त्या दिवशी मीच ती शब्दन् शब्द खरी करून दाखवली. आणि अंगण दुसऱ्याचं होतं.

वैशालीला दवाखान्यात नेलं, प्लास्टर झालं. तिचा नवरा तिथे आला. चांगला माणूस, पण घाबरलेला होता आणि घाबरलेल्या माणसाला रागवायला कुणीतरी लागतं. मी त्याला तेच सांगितलं. आता दुसऱ्यांदा. आता विचार करून. तो थेट प्रकाशा रोडला गेला.

दुपारी रफिकचाचा आले. मागे वैशालीचा नवरा, त्याचा भाऊ, आणि गल्लीतले तीन-चार जण, ज्यांचा काही संबंध नव्हता पण जे अशा वेळी नेहमी येतात. चाचांनी आधी ओळंबा लावला. दोरी आणि खांब एका रेषेत. मग लटकले. खांब जागचा हलला नाही. कुणीतरी म्हणालं, सकाळी हालना ना पण! मी दाराशी उभी होते. मी मान डोलावली. तिसऱ्यांदा.

मग चाचांनी शिडी लावली आणि बोल्ट बघायला वर गेले. आधाराला एक हात खांबावर ठेवला. तिथे. वर. मी पाहिलं, त्यांचा हात सरकला. त्यांनी तळहात डोळ्यांपुढे धरला. अंगठा बोटावर घासला. नाकाशी नेला. एरंडेलाचा वास कुणाला ओळखू येत नाही? आणि मग त्यांनी खाली पाहिलं. खांबाच्या पायाशी विस्कटलेली रांगोळी होती, कोपऱ्यात झेंडूची माळ पडलेली होती. आणि मग माझ्याकडे.

किती वेळ? फार नाही. शिडीवरचा माणूस जितका वेळ थांबू शकतो तितका.

खालून कुणीतरी ओरडलं, ढिला आहे ना बोल्ट? आणि ते म्हणाले, "व्हई सकस, भाऊ."

होऊ शकतं. एवढंच म्हणाले.

तुम्ही म्हणाल, का? त्यांनी सरळ सांगायचं ना, खांबाला तेल आहे. मी तीन वर्षं हा विचार केलाय. आणि मला उत्तर त्याच क्षणी माहीत होतं, ते मी उगाच शोधत बसले. दसऱ्याचा दुसरा दिवस. हॉलमध्ये तापलेली पाच-सहा माणसं. आणि रफिकचाचांनी त्यांना सांगायचं, की हिच्या पूजेच्या तेलाने ही बाई पडली? त्यांनी काय सांगितलं असतं आणि ते बाहेर कसं ऐकू गेलं असतं, हे शिडीवर उभ्या असलेल्या त्या माणसाला कळलं, आणि दारात उभ्या असलेल्या मलाही कळलं. त्यांना गप्प राहणं भाग होतं. मला नव्हतं. मी बोलले असते तर फार तर वर्ग बंद पडला असता, चार जणी नावं ठेवून गेल्या असत्या. माझ्या तोंडून निघालं असतं तर ते नुसतं एका वेंधळ्या बाईने लावलेलं तेल असतं. मला ते कळत होतं आणि मी गप्प राहिले. पहिलं खोटं घाबरून गेलं, ते मी समजू शकते. हे नंतरचं — ही चुप्पी — ती मला समजत नाही. समजते. समजते, म्हणूनच तर सांगतेय.

चाचांनी तो हात पँटला पुसला, आठ बोल्ट काढले, खांब खांद्यावर घेतला. जिन्यात थांबून म्हणाले, "ताई, हाऊ खांब मन्हाकडे ऱ्हाई. जव्हय लागी तव्हय सांगा." आवाजात काही नव्हतं, नेहमीसारखा.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. गाव लहान आहे. रफिकचं काम कच्चं निघालं, बाई पडली. शाळेचे नवे झोपाळे त्यांच्याकडे ठरले होते, ते धुळ्याच्या माणसाला गेले. जिने, माड्या, गच्चीचे कठडे — जिथे माणूस चढतो, ते काम हळूहळू त्यांच्याकडून गेलं. आता खिडक्यांच्या जाळ्या करतात, लोखंडी खाटा, कूलरचे स्टँड. आणखीही काही लोक काय काय बोलायचे, त्यांच्या नावावरून, ते मी इथे लिहीत नाही. मी तिथे असायची आणि तांदूळ निवडल्यासारखी बोटं हलवत बसायची. चोराच्या मनात चांदणं — बाजारात चाचा समोरून आले की मी भाजीवाल्याशी भाव करायला लागायची, जी भाजी मला नको तिचा. आणि ते? ते नेहमी मान हलवायचे. सलाम ताई.

वैशालीचा हात दीड महिन्यात बरा झाला. मी रोज डबा घेऊन ब्राह्मणपुरीला जायची. तिची सासू मला म्हणायची, किती करता हो तुम्ही! आणि मी ते ऐकून घ्यायची. सांगा आता मला, याला काय म्हणायचं?

तीन वर्षं हॉलमध्ये योगासनं झाली. छतात चार भोकं, फरशीत चार भोकं. खालच्या भोकांवर मी चटई टाकली. वरची रोज दिसायची, शवासनात तर हमखास.

आणि मग गेल्या आठवड्यात वैशाली आली. बरोबर जुन्यांपैकी चौघी आणि नव्या तिघी. चपला काढता काढताच भांडायला लागली. "ताई, मन्हा हात कव्हय बरा व्हई गया! आते काय, घरमाज बठी ऱ्हावानं का?" तिच्यात झालेला बदल बघून मी थक्क झाले. हीच ना ती भित्री? म्हणाली, पडण्याआधी तीन पकडी वर गेले होते ताई, खाली काय झालं ते सोडा, वर काय वाटलं ते मला अजून आठवतं. मला परत तिथे जायचंय. रोज सकाळी खाटेच्या दांड्याला धरून मनगटाचे व्यायाम करते, जे मीच शिकवले होते. मला इतका आनंद झाला की मी तिला मिठीच मारली. आणि मिठीत असतानाच ती म्हणाली, "पण खांब सुरतथून मागाडा हां. रफिकचाचाना नको."

तिथे माझं संपलं. तिचा हात माझ्या पाठीवर होता, तोच, मोडलेला.

मी तिला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. बायका गेल्यावर पदर खोचला आणि सरळ प्रकाशा रोडला गेले. चाचा कूलरचा स्टँड रंगवत होते. मी म्हटलं, चाचा, खांब हवा होता. त्यांनी ब्रश डब्यात ठेवला, आत गेले आणि पत्र्यांच्या मागून तो ओढून काढला. गोणपाटात गुंडाळलेला, दोन्ही टोकांना सुतळी बांधलेली. सुतळी सोडून त्यांनी गोणपाट मागे सारला, तळहात खांबावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला, आणि हात मला दाखवला. "पहा ताई. कोरडा शे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हाच सांगायला हवं होतं, नाही का? दुकानात आम्ही दोघंच होतो. माझ्या तोंडापर्यंत आलं. आणि मग वाटलं, इथे सांगून काय होईल? यांना तर ठाऊक आहे. यांना एकट्याला सांगणं म्हणजे परत माझीच सोय, आतल्या आत मिटवून टाकणं. खोटं मी आठ बायकांपुढे बोलले होते. मी फक्त म्हटलं, चाचा, रविवारी सकाळी बसवाल का? ते म्हणाले, सात वाजता येतो, बायका यायच्या आत निघून जाईन. मी म्हटलं, जाऊ नका. थांबा. सगळ्या आल्यावर मला काही सांगायचंय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शिडीवरून पाहिलं होतं तसंच, आणि परत ब्रश उचलला.

आज शनिवार आहे. हे मी हॉलमध्ये बसून लिहितेय, फरशीवर, चटई गुंडाळून ठेवलीय. स्पिरिटच्या चार बाटल्या आणल्यात. दुकानदार म्हणाला, ताई, दवाखाना काढताय का? गादी नवी शिवून घेतली, आधीपेक्षा जाड, रुंदीला दुप्पट. सरकवायची म्हटली तरी एकटीला सरकणार नाही. पितळी ताट घासून दारात ठेवलंय. वैशालीने सासूला सांगून ठेवलंय म्हणे की उद्या उशीर होईल. सासूने मला फोन करून विचारलं, मी पण येऊ का बघायला? मी म्हटलं, या.

मला भीती वाटते का? वाटते. कदाचित चौघी उठून जातील. कदाचित वैशाली जाईल, आणि ती गेली तर मी तिला थांबवणार नाही. पण खरं सांगू — तीन वर्षांत पहिल्यांदा मला सकाळ व्हावीशी वाटतेय. पहिल्या दिवशी काय शिकवायचं तेही ठरवलंय. वीस मिनिटं अंग गरम. मग खांब पुसणं, ते आता मी एकटी करणार नाही, प्रत्येकीने फडकं घ्यायचं आणि शिडीवर चढून अगदी वरच्या प्लेटपर्यंत पुसायचं. मग नुसतं धरून चालायचं. दहा दिवस कुणाचेही पाय सुटणार नाहीत, वैशालीचेसुद्धा. ती चिडेल. चिडू दे.

पण त्याच्याही आधी हे. हा सगळा कागद मी त्यांच्यापुढे वाचणार नाही. वडिलांची वाटी, संपलेली बाटली, जिन्यातला आवाज — ते तुम्हाला सांगितलं कारण तुम्ही बसलात. त्यांच्यापुढे त्यातलं काही नको. तिथे ते सबबीसारखंच ऐकू येईल. माफीही मागणार नाही. मागितली की चाचांना आणि वैशालीला सगळ्यांसमोर ती द्यावी लागेल, आणि त्यांनी माझ्यासाठी आधीच पुष्कळ केलंय. मी त्या जागी उभी राहीन जिथे तेव्हा उभी होते, दाराशी. चाचा खांबाजवळ असतील. वैशालीच्या सासूबाई बहुतेक खुर्चीवर. आणि खोटं ज्या बोलीत बोलले, त्याच बोलीत बोलेन. वाक्यं दोनच आहेत. सकाळपासून मोठ्याने म्हणून पाहतेय, रिकाम्या हॉलला, छतातल्या चार भोकांना. पहिल्यांदा आवाज फुटला नाही. आता फुटतो.

खांब हालना नव्हता. मी त्याले तेल लायेल व्हतं.